धोतऱ्याच्या खुंटावरचा टोमॅटो

आमच्या सासरी एक नियम होता. नव्या कलमाचं पहिलं फळ ज्यानं कलम बांधलं त्यानं खायचं, मग देवापुढे ठेवायचं आणि मग घरातल्यांनी. देवाच्या आधी माणूस, हे ऐकून लग्नानंतर मी पहिल्यांदा खुदकन हसले होते. सासऱ्यांनी, म्हणजे आबांनी, त्याचं कारण सांगितलं, "देवाला कडू फळ गेलं तर देव बोलत न्हाय. माणूस लगीच थुकतो."

ही एकोणीसशे पंचावन्न-छप्पनची गोष्ट. मी बारामतीची, निरवांगीजवळच्या मळ्यात दिलेली. माझे वडील बारामतीत एका डॉक्टरांकडे कंपाउंडर होते, त्यामुळे लहानपण औषधांच्या बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवण्यात गेलं. सासरी बाटल्या नव्हत्या. तिथं पेरू, बोरं, मोसंबी आणि भाजीपाला होता, आणि सगळ्यांच्या वर आबा होते. कलम बांधण्यात त्यांचा हात धरणारा आसपास कुणी नव्हता. लांबलांबचे शेतकरी त्यांना न्यायला बैलगाडी पाठवायचे, आणि आबा मुंडासं बांधून, कमरेला चाकू खोचून असे निघायचे की जणू वरातीलाच चाललेत.

कलमात खाली जे रानटी, दणकट झाड असतं त्याला खुंट म्हणतात. त्यावर चांगल्या जातीची फांदी बांधायची. आबांचं म्हणणं एका वाक्यात होतं, "खुंट हा गडी आन् वरचं कलम मालक. राबायचं गड्यानं, फळ मालकाचं." रानबोरीच्या खुंटावर त्यांची बोरं साखरेसारखी लागायची. जंबुरी लिंबाच्या आंबट खुंटावर गोड मोसंबी यायची. चाळीस वर्षांत एकदाही खालची चव वर चढलेली त्यांनी पाहिली नव्हती.

त्या वर्षी टोमॅटोनं दगा दिला. कालव्याचं पाणी मुबलक झाल्यापासून जमीन ओलीच राहायची, आणि टोमॅटोच्या मुळांना गाठी धरून रोपं उभ्या उभ्या माना टाकायची. आबा रोज सकाळी एक मेलेलं रोप उपटून आणायचे आणि ओट्यावर बसून त्याची मुळं निरखायचे. एक दिवस त्यांची नजर उकिरड्याकडे गेली. तिथं धोतरा कमरेएवढा वाढलेला, पानं हिरवीगार, ना पाण्याची फिकीर ना गाठींची.

"भाऊबंदच हाय टमाट्याचा," आबा म्हणाले. "पान बघ, फूल बघ."

मी म्हटलं, "आबा, पण तो विषारी आहे."

"जंबुरी आंबट न्हाय? मोसंबीत चढला का आंबटपणा?"

खरं सांगायचं तर मला ते पटलं. पुढे मी पाहुण्यारावळ्यांत 'मला आधीच शंका होती' असं सांगत फिरले, पण ती थाप होती. शंका बिंका काही नव्हती. चाळीस वर्षांच्या हातापुढे मॅट्रिक पास सुनेचं काय चालणार?

धोतऱ्याच्या कोवळ्या खोडाला चीर देऊन त्यात टोमॅटोचा पाचरीसारखा तासलेला शेंडा बसवायचा, केळीच्या सोपटानं, म्हणजे खोडाच्या वाळल्या सालीनं, बांधायचा आणि वर ओलं फडकं घालून मडकं पालथं घालायचं, अशी वीस-पंचवीस कलमं आबांनी बांधली. निम्मी जगली. जी जगली ती अशी फोफावली की सासूबाईसुद्धा, ज्यांना आबांचं कौतुक करायचा मनापासून कंटाळा होता, पदर सावरून बघायला आल्या.

मार्गशीर्षात पहिली फळं पिकली. आबांनी दुपारी तीन टोमॅटो आणून माझ्या हातात दिले. मी ते कच्चेच चिरले, कांदा, मीठ, हिरवी मिरची, दाण्याचं कूट घातलं आणि वाटीत घालून आबांच्या ताटात ठेवलं. आम्ही बाकीचे वांग्याची भाजी जेवलो. नियमच होता तसा.

जेवण होऊन थोडा वेळ झाला तसं आबांनी पाणी मागितलं. मग परत मागितलं. तिसऱ्यांदा म्हणाले, "तोंडात राख भरल्यावानी झालंय." चेहरा लालबुंद. मग ते ओट्यावर मांडी घालून बसले आणि कलम बांधू लागले. समोर काही नव्हतं. रिकाम्या हवेला अंगठ्यानं चीर देत होते, काहीतरी आत बसवत होते, फुंकर मारत होते. "धर गं सूनबाई, सोपटाचं टोक धर," म्हणाले. मी धरलं. मी दोन बोटांत काहीच नसलेलं टोक धरून बसले होते, आणि ते त्याला गाठी मारत होते.

त्यांच्या डोळ्यांच्या बाहुल्या एवढ्या मोठ्या झाल्या होत्या की डोळ्यात दुसरा रंगच उरला नव्हता.

शेजारच्या मळ्यातले तात्या धावत आले, एकदा बघितलं आणि म्हणाले, "धोतरा खाल्लाय यांनी." गावाकडे हे ओळखायला डॉक्टर लागत नाही. वाटसरूला धोतऱ्याचं बी घालून लुटल्याच्या गोष्टी प्रत्येकानं ऐकलेल्या असतात. बैलगाडीतून सडकेपर्यंत आणि तिथून मालाच्या ट्रकमधून आबांना बारामतीला नेलं. दवाखान्यात पोट धुतलं. डॉक्टर म्हणाले, जेवणातून धोतऱ्याचं बी गेलं असणार, वेळेत आणलंत. चौथ्या दिवशी आबा शुद्धीवर होते, पण हातांना कंप आणि जवळचं धड दिसत नव्हतं.

आबा घरी यायच्या आधी ते वाक्य घरी आलं. जेवणातून. जेवण कुणी केलं? सुनेनं. बाकीच्यांना काही झालं नाही, फक्त सासऱ्याच्या ताटात झालं. आणि सून कुणाची? कंपाउंडरची, जिला औषधं-विषं कळतात.

सासूबाई मला एक शब्द बोलल्या नाहीत. नुसत्या सकाळी माझ्या आधी उठून चुलीपुढे बसल्या. मी पीठ घ्यायला गेले तर म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे. तू गोवऱ्या लाव." दुपारी आबांचं पाणीसुद्धा त्यांनी स्वतः भरलं आणि तांब्या झाकून उशाशी ठेवला. शिव्या दिल्या असत्या तर मी चार शिव्या परत दिल्या असत्या, त्यात मी कमी नव्हते. पण न बोलणाऱ्या माणसाशी भांडायचं कसं? आमचे हे तर दोन्ही डगरींवर हात ठेवून. मला म्हणाले, "आई म्हणती तसं काही दिवस ऱ्हा." मी म्हटलं, "तुम्हाला काय वाटतं ते सांगा." ते बैलांना पाणी पाजायला निघून गेले. मी हातातली शेणाची पाटी तिथंच आदळली.

आठवड्यानं ओसरीवर बोलणं झालं, मला ऐकू जाईल एवढ्या आवाजात. आबा हिंडूफिरू लागले की माझ्या वडलांना बोलावून घ्यायचं आणि मला त्यांच्याबरोबर लावून द्यायचं. माहेरी जायचं भय मला नव्हतं. भय हे होतं की माझ्या वडलांना, ज्यांनी आयुष्यभर एक थेंब कमी-जास्त पडू दिला नाही, त्यांना त्या ओसरीवर बसून हे ऐकावं लागेल. त्या विचारानं मी न्हाणीत तोंडात पदर कोंबून रडले.

रडून झाल्यावर डोकं चालू लागलं. मला सारखे आबांचे ते डोळे आठवत होते. आणि मग वडलांचा दवाखाना आठवला. डोळे तपासायच्या आधी डॉक्टर रोग्याच्या डोळ्यात एका बाटलीतले थेंब घालायचे, आणि बाहुली हळूहळू मोठी व्हायची. मी विचारलं होतं, हे कशाचं औषध. वडील म्हणाले होते, "धोतऱ्याची मावसबहीण आहे विलायतेत, तिचं." म्हणजे धोतऱ्याचं विष कुठं आहे ते डोळ्याला कळतं. ताटात मी काही घातलं नव्हतं. मग जे होतं ते टोमॅटोतच होतं.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी मी अंगणात बसले. सासूबाई ज्वारी पाखडत होत्या, हे गोठ्यात होते. मी दोघांना ऐकू जाईल असं म्हटलं, "या, बघा माझा तमाशा." उजव्या डोळ्यात साध्या झाडाच्या टोमॅटोच्या रसाचा थेंब पिळला, डाव्यात आबांच्या कलमाच्या. दोन्ही डोळे असे झोंबले की मी आई गं म्हणून किंचाळले. शहाण्यानं करू नये अशी ही गोष्ट होती, आणि मी ती केली.

सासूबाईंनी सूप खाली ठेवलं. डाळ शिजायला लागतो तेवढा वेळ गेला. मग मला उन्हात डावीकडचं सगळं पांढरंफटक दिसू लागलं. सासूबाई उठल्या, माझी हनुवटी धरून तोंड उन्हाकडे वळवलं. उजवी बाहुली मोहरीएवढी, डावी तुरीच्या दाण्याएवढी.

"यांचं डोळं आसंच झालतं," त्या हळूच म्हणाल्या. माझी हनुवटी त्यांनी लगेच सोडली नाही.

मला वाटलं, जिंकले. पण आबांनी मानलं नाही. खाटेवर उठून बसले आणि म्हणाले, "खुंटाचं वर चढत न्हाय. धोतऱ्याचं पान चुरगाळलं आसशील आन् हात तसाच डोळ्याला लावला आसशील." मला लबाड म्हणत नव्हते ते. त्यांची चाळीस वर्षं माझ्या एका बाहुलीपुढे उभी होती, आणि ती त्यांना पाडायची नव्हती. तरी मला राग आला. मी म्हटलं, "मग मीच विष घातलं म्हणा की सरळ! बोलवा माझ्या वडलांना!"

आबा म्हणाले, "उलटं बांधून बघू. टमाट्याचं मूळ खाली आन् धोतरा वर. इख खुंटात आसंल तर वरच्या धोतऱ्यात यायचं न्हाय. आलं तर तू खोटी." थांबून म्हणाले, "न्हाय आलं तर मी."

पण त्यांचे हात थरथरत होते. त्या घरात बाईनं कधी कलम बांधलं नव्हतं, बाईच्या हातचं कलम पाचवीलाच, म्हणजे पाचव्या दिवशीच, वाळतं असं म्हणायचे. आबांनी स्वतःचा चाकू माझ्या हातात दिला. "वाळलं तर वाळलं. माझं काय कमी वाळल्यात?" मी तासायची, ते शेजारी बसून ओरडायचे. "भाजी चिरती का काय? एका ओढीत कापायचं!" दहा बांधली, तीन जगली. चूल अजून सासूबाईंकडेच होती, आणि वडलांना निरोप धाडायचं या कलमांवर अडलं होतं.

आठ दिवसांनी मी वरच्या धोतऱ्याचं एक पान तोडून रस पाण्यात कालवला आणि एक थेंब डोळ्यात घातला. बाहुली मोठी झाली. फार नाही, पण झाली. हे संपलं असंच मला वाटलं. वर तोंड करून कुणाला सांगायचीही हिंमत होईना.

आबांनीच विचारलं, "कुठलं पान तोडलंस?"

मी दाखवलं. शेंडा बांधला तेव्हा त्याच्याबरोबर आलेलं, खालचं, जाड पान.

"आगं खुळे," आबा म्हणाले, "ही पानं माहेराहून येताना शिदोरी घेऊन आल्यात. ती संपू दे. हितं आल्यावर फुटलेलं पान बघायचं." आणि त्यांच्या तोंडावर, इतक्या दिवसांत पहिल्यांदा, कलम बांधतानाचा तो हावरट आनंद दिसला. आपण चूक ठरायच्या वाटेवर आहोत हे ते विसरूनच गेले होते.

मग आम्ही दोघं त्याच्या मागेच लागलो. तीन आठवड्यांनी आलेलं कोवळं पान घेतलं, डोळा जसाच्या तसा. पाचव्या आठवड्यातलं घेतलं, काही नाही. खालची जुनी पानंसुद्धा आता मवाळ झाली होती, शिदोरी सरत आली होती. धोतऱ्याचंच पान, वासही तोच, देठही तसंच जांभळट, पण विष जवळपास नाही. आबांनी हट्ट करून शेवटचा थेंब स्वतःच्या डोळ्यात घालून घेतला. सासूबाई ओरडल्या, "एकदा मरून भागलं न्हाय व्हय?" आबा डोळा मिटून तासभर बसले, मग मला म्हणाले, "बघ." बाहुली मोहरीएवढीच होती.

तेवढ्यावर त्यांचं समाधान होईना. ओल्या गोणपाटावर धोतऱ्याचं बी उगवायला घातलं आणि कोंब आल्यावर मातीत लावलं. बियात विष असतं हे तर जगजाहीर, मग ते रोप झाल्यावर जातं कुठं? आमच्या त्या कच्च्या परीक्षेत असं दिसलं की बी उगवून पहिली दोन पानं उलगडेपर्यंत त्याचं वाडवडिलार्जित विष ओसरत जातं, आणि मूळ चांगलं खोल गेलं की नवं वर यायला लागतं. पुष्कळ वर्षांनी माझ्या मुलीच्या कॉलेजच्या पुस्तकात मी वाचलं, की धोतऱ्याचं विष मुळातच तयार होतं आणि पाण्याबरोबर पानाफळात चढतं. तंबाखूचंही तसंच. मी ते पान आमच्या ह्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं, दोनदा.

माघात एक दिवस आबांनी धोतऱ्याची ती सगळी कलमं मुळासकट उपटली आणि खड्ड्यात पुरली. मग मुंडासं बांधून चावडीवर गेले आणि मलाही बरोबर यायला लावलं. पाच-सहा म्हातारी माणसं बसली होती, तात्याही होते. आबा उभ्यानंच बोलले, "माझ्या ताटात इख हुतं. ते माझ्याच हातानं बांधल्यालं. मी म्हनायचो, गडी राबतो, मालकाचं फळ येतं. गड्याचंबी काय ना काय वर येतंच. ह्या पोरीनं दाखवलं." एवढं बोलून खाली बसले आणि तंबाखू मागितली. माझ्या वडलांना निरोप गेला तो जेवायला या म्हणून.

चूल मला परत मिळाली. पण सासूबाईंचं एक राहिलं होतं. पूर्वी त्या मी वाढताच पहिला घास मोडायच्या. आता सगळ्यांची जेवणं होईपर्यंत थांबायच्या. काही ना काही काम काढायच्या, पाणी बघते, वासरू बघते, आणि सगळे हात धुवून उठले की मग ताटावर बसायच्या. बहुतेक त्यांनाही कळत नसावं. मला कळत होतं, रोज दोन्ही वेळेला, आणि ते मला चुलीपासून दूर ठेवण्यापेक्षा जास्त लागत होतं. विचारलं असतं तर त्या नाहीच म्हणाल्या असत्या, आणि ते खोटं नसतं.

पुढच्या पावसाळ्यात आबा मला म्हणाले, "टमाट्याला खुंट पायजेलच. ह्या बारीला रानवांगं घेऊ. आन् बांधायचं तू." आता त्यांचे हात बरे झाले होते, तरी त्यांनी चाकू माझ्याकडेच दिला. मी चाळीस कलमं बांधली आणि तीसच्या वर जगली. पाचवी गेली, बारावी गेली, एकही वाळलं नाही. आबा बांधाबांधानं लोकांना बोलावून आणायचे आणि म्हणायचे, "माझ्या सुनंचा हात बघा," जणू तो हात त्यांनीच बारामतीहून निवडून आणला होता.

दिवाळी होऊन गेल्यावर पहिलं फळ पिकलं. घरातले सगळे अंगणात जमले. नियमाप्रमाणे बांधणारीनं खायचं, म्हणजे मी. मी टोमॅटो धुतला, मधोमध चिरला, एक फोड ताटलीत ठेवली आणि आधी डोळ्यात एक थेंब घालावा म्हणून डावा डोळा ताणून धरला. तेवढ्यात सासूबाई पुढे आल्या.

"किती जाळशील त्यो डोळा?" त्या म्हणाल्या, आणि माझ्या हातातलं ते अर्धं फळ घेऊन त्यांनी तोंडात टाकलं.

मी घाबरून त्यांचा हात धरला. आबाही खाटेवरून उठले, "आगं, नियम काय हाय?" म्हणाले. सासूबाईंनी आमच्या दोघांकडे लक्षच दिलं नाही. रस हनुवटीवरून ओघळत होता. तो त्यांनी पदरानं पुसला, फळ नीट चावून गिळलं आणि ताटलीतला उरलेला अर्धा भाग उचलून माझ्या तोंडापुढे धरला.

"आंबट हाय," त्या म्हणाल्या. "पर चांगलं हाय. खा आता तू."